मायाक्काची गुंज

सोलापूरच्या मंगळवार बाजारात भांड्यांच्या दुकानांची रांग संपते, तिथं एका बंद गोदामाच्या भिंतीला पाठ लावून मायाक्का बसायची. पुढ्यात पोत्याचं बस्कर, त्यावर कागदाच्या पुड्या आणि उघडी ढिगुली. वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, बिब्बे, सागरगोटे, निर्गुडीचा वाळला पाला, रुईची मुळं, ऊद, तुरटीचे खडे. आणि बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात गुंजा. लालभडक, एका टोकाला काळा ठिपका, जणू कुणी काजळाचं बोट लावून ठेवलंय.

बाई त्रेसष्ट वर्षांची, सांगोल्याकडच्या एका धनगरवाडीची. नवरा येडू, त्याची मेंढरं, मेंढरांमागं फिरलेलं अर्धं आयुष्य. मेंढरं विकली, पोरी लग्न होऊन गेल्या, येडूही गेला. मग तिनं सासूकडून शिकलेलं झाडपाल्याचं ज्ञान पोत्यात भरलं आणि ती सोलापूरला थोरल्या पोरीच्या आसऱ्याला आली. आठवड्यातून दोन दिवस रानात जाऊन माल आणायचा, बाकीचे दिवस बाजारात बसायचं. याला आता वीस वर्षं झाली होती.

गिऱ्हाईक समोर बसलं की ती पहिल्यांदा एकच विचारायची.

"पोटासाटी पायजे का मनासाटी?"

नवखं माणूस गोंधळायचं. पण जुन्या बायकांना बरोबर कळायचं. तान्ह्या पोराच्या पोटात कळ येत असेल तर मुरुडशेंग उगाळून द्यायची, ती पोटासाठी. नव्या घराच्या उंबऱ्यावर बिब्बा आणि मिरच्या ओवून टांगायच्या, ते मनासाठी. मायाक्का दोन्ही सारख्याच गांभीर्यानं द्यायची. मनासाठीच्या वस्तूला ती कधी हसली नाही. पण मनासाठीचा माल पोटाच्या नावावर मात्र तिनं कधी खपवला नाही. कुणी तापलेलं पोर काखेला मारून आलं आणि 'मुळी बांधून द्या' म्हणालं, तर ती सरळ हात जोडायची. "आदी डाक्टर. तितनं आल्यावर मुळी बांदू."

तिच्या शेजारी पीरसाब बसायचे. काचेच्या झाकणाच्या पेटीत अंगठ्यांचे खडे मांडलेले: अकीक, फिरोजा, सुलेमानी, थोडे मोती. दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं हळू. कोण खडा घ्यायला आलं की ते आधी त्याचा हात हातात घ्यायचे आणि बोटं बघायचे. रेषा नव्हे, बोटं. अंगठी घट्ट बसेल का सैल, एवढंच.

"पीरसाब भाऊ," मायाक्कानं त्यांना एकदा विचारलं होतं, "खरं सांगा, दगुड काय करतो का?"

"दगड काय करणार, आक्का? दगड गार असतो." पीरसाबांनी पेटीची काच पुसली. "रागावलेल्या माणसाचं बोट त्याला लागतं, तो घडीभर थांबतो. त्या घडीभरात जे व्हायचं ते होतं."

मायाक्काला ते पटलं होतं. उंबऱ्याला बिब्बा बांधला म्हणून चोर थांबत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. बांधणारीला झोप लागते, तेवढंच.

ऋतुजा पहिल्यांदा आली ती गड्ड्याच्या यात्रेच्या आधी, थंडीत. सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी, केस कापलेले, पाठीवर सॅक. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची, जुळे सोलापूर नावाच्या वस्तीत वडिलांबरोबर राहायची. तिनं फोनवर एक यादी उघडली आणि एकेक इंग्रजी नाव वाचायला लागली. मायाक्कानं मान हलवली.

"मला नावं न्हाय कळत, बाय. पान दाव."

ऋतुजानं फोटो दाखवला. मायाक्कानं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"ह्यो तर आपल्या दवन्याचा भाऊ हाय. वास कसा असतोय ह्येचा?"

"मला माहीत नाही. मी कधी बघितलेलंच नाही. पुस्तकात लिहिलंय की उशाखाली ठेवलं तर स्वप्नं पडतात."

"मग सपनं पडाया वास तर पायजे की." मायाक्का हसली. तिनं पोत्यातून दवण्याची वाळकी काडी काढली, चुरगाळली आणि ऋतुजाच्या नाकाशी धरली. पोरीनं डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. चैत्रात तिची आई देव्हाऱ्यात दवणा ठेवायची. आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

 मायाक्कानं काडी कागदात बांधून दिली.

त्यानंतर ऋतुजा दर आठवड्याला यायला लागली. कुठल्याशा पांढऱ्या पानांच्या जुडीची धुरी तिला हवी होती. मायाक्कानं निर्गुडी, कडुलिंब आणि ऊद एकत्र बांधून दिला. कुठला काळा दगड हवा होता, तर पीरसाबांनी सुलेमानी काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि त्यातली पांढरी रेघ उन्हात धरून दाखवली. ती बस्कराच्या कडेला बसून चहा प्यायची आणि बोलायची. आईच्या आजारपणात दीड वर्षं ती एकटीच जागली होती. नंतर फोनवरून तिला काही बायका भेटल्या. कुणी इंग्लंडातली, कुणी पोलंडची, दोघी बेंगळुरूच्या. त्या स्वतःला पेगन म्हणवायच्या.

"म्हंजी कोण?" मायाक्कानं विचारलं.

"म्हणजे जे लोक झाडांना, दगडांना, सूर्याला, चंद्राला देव मानतात. तिकडं काही लोक पुन्हा तसं मानायला लागलेत, मावशी. दिवस मोठा व्हायला लागला की सण करतात, रात्र मोठी व्हायला लागली की सण करतात. प्रत्येक झाडाचा गुण सांगतात. कुठलं रक्षण करतं, कुठलं आठवण जागी ठेवतं."

"पुन्ना म्हंजी? मदी सोडलं हुतं का?"

ऋतुजा हसायला लागली. पीरसाबही हसले. पण मायाक्कानं ते चेष्टेनं विचारलं नव्हतं. मधली माणसं कुठं गेली असतील, त्यांच्या उंबऱ्यावर काय टांगलेलं असेल, याचा ती संध्याकाळपर्यंत विचार करत राहिली.

एक दिवस ऋतुजाची नजर बिस्किटांच्या डब्यावर गेली.

"मावशी, हे काय? किती सुंदर आहे!"

"गुंज."

"दृष्टीसाठी का? आमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी याच्याबद्दल लिहिलं होतं. लांबलांबच्या देशांत वापरतात म्हणे."

"व्हय. फडक्यात गाठ मारून दाराच्या वर ठिवायची. भोक पाडायचं न्हाय, चावायची न्हाय, पोरांच्या हाती द्यायची न्हाय. इखारी असती."

गेली वीस वर्षं गुंज घेणाऱ्या प्रत्येकाला ती हेच, याच शब्दांत सांगत आली होती. सांगताना ती गिऱ्हाइकाकडं बघायची नाही, डब्याकडं बघायची. ऋतुजानं मान डोलावली, दोन ओंजळी गुंजा घेतल्या आणि पुढच्या आठवड्यात आणखी चार.

ऋतुजानं मध्यंतरी मायाक्काचा एक व्हिडिओ काढला होता. वेखंड कसं उगाळायचं आणि कुठल्या पाल्याची धुरी कशी करायची, एवढंच त्यात होतं. तो पुष्कळांनी बघितला. बाजारात नवी माणसं यायला लागली. "त्याच आक्का ना तुम्ही?" म्हणायला लागली. एकानं तर सुनेला वश करायचं औषध मागितलं. मायाक्कानं त्याला विचारलं, "सून काय म्हणती?" तो उठून गेला.

फाल्गुन लागला असेल. दुपारी कॉलेजातली एक मुलगी हिरडा घ्यायला आली. पैसे देण्यासाठी तिनं हात पुढं केला आणि मायाक्काचा हात जागच्या जागी थांबला. मुलीच्या मनगटात लाल मण्यांचं कडं होतं. काळा ठिपका, लाल अंग, काळा ठिपका, लाल अंग. प्रत्येक मण्यातून रबराची दोरी गेलेली.

"हे... कुटनं घेतलंस?"

"ऋतुजाताईंच्या पेजवरून. तुमच्याच गुंजा ना, आक्का? त्यांनी तसं लिहिलंय."

मायाक्काच्या हातातून हिरड्याची पुडी सुटली आणि हिरडे रस्त्यावर पसरले. मुलगी ते गोळा करायला वाकली, तर मायाक्का ओरडली, "काड ते! आदी काड हातातनं!" मुलगी घाबरून मागं सरली. पीरसाब उठून आले. त्यांनी मुलीला समजावून कडं काढून घेतलं, आपल्या रुमालात बांधलं. मग त्यांनी मायाक्काकडं बघितलं. वीस वर्षं शेजारी बसलेल्या बाईचा चेहरा त्यांना असा कधी दिसला नव्हता. त्यांनी काही विचारलं नाही. रिक्षा थांबवली, ऋतुजाला फोन लावून पत्ता विचारला आणि मायाक्काला रिक्षात बसवलं. "दुकान मी बघतो," एवढंच म्हणाले.

ऋतुजाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. मायाक्का दारातच चप्पल काढून उभी राहिली. बाल्कनीच्या दारापाशी एक लाकडी पाट मांडलेला होता. त्यावर पाण्याची वाटी, मेणबत्ती, भीमेच्या पात्रातला गुळगुळीत गोटा, दवण्याची काडी आणि एक हिरवी बांगडी. बांगडी आईची असणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती. मायाक्कानं सवयीनं त्याला हात जोडले. मग तिला टेबलावरची कडी दिसली. पंधरा-वीस तरी असतील, प्रत्येक निळ्या कागदावर ठेवलेलं, वर दोरीची गाठ.

"पोरी, भोकं कुणी पाडली?"

"बाजारातल्याच एका मणीवाल्यानं. मशीननं पाडली." ऋतुजाला तिच्या आवाजावरून काहीतरी बिनसलंय हे कळलं होतं. "मावशी, तुम्ही सांगितलं होतं, मला आठवतंय. पण मी वाचलं की लोक पूर्वीपासून माळा करून घालतात. आणि मी वरून पॉलिश लावलंय. कुणी खाणार आहे का ते?"

"माज्या पोरानं खाल्ली हुती."

ऋतुजा टेबलापासून मागं सरली.

मायाक्का पाटाशेजारी जमिनीवर बसली. हे बोलणं तिनं एक्केचाळीस वर्षांत कुणाजवळ काढलं नव्हतं. नवऱ्याजवळही नाही, पोरींजवळही नाही. पोरींना आपल्याला एक भाऊ होता एवढंच ठाऊक होतं.

"बिरदेव नाव हुतं. दोन वर्साचा झाला हुता. माजी सासू बसम्मा, सीमंपल्याडची, कन्नड बोलायची. लई गुणी बाई, झाडाला बोलतं करायची. तिनं त्येच्या गळ्यात गुंजंची गाठ बांदली हुती. फडक्यात, घट्ट. अख्खी गुंज गिळली तरी पोटातनं तशीच जाती, बाय. वरचं कवच फुटत न्हाय. पर मला ते फडकं बरं दिसंना. मळकं, काळं. जत्रंत दुसऱ्या पोरांच्या गळ्यात रंगीत माळा बघितल्या. मी सुई तापीवली आन एकेक गुंज टोचली. सासू मेंढरांमागं चार दिस रानात गेली हुती. मी लई नटवला त्येला."

तिनं पदरानं तोंड पुसलं. बाहेर कुणाची तरी गाडी मागं घेताना शिट्ट्या वाजत होत्या.

"त्येनं माळ चघाळली. दुसऱ्या दिशी वकाया लागला, मग रगात. लोक म्हणले करणी हाय. मीबी म्हणले करणी हाय. दोन दिस देवरुश्याकडं बसून ऱ्हायलो. सासू परत आली, तिनं माळ हातात घितली आन मण्याला पडल्याली भोकं बघितली. ती माज्यावर वराडली न्हाय. खाली बसली नुसती. गुंज खाऊन शेरडू मरतं हे तिला ठावं हुतं, मलाबी ठावं हुतं. त्या सांच्याला बिरदेव गेला."

ऋतुजा तिच्यासमोर येऊन बसली. तिनं मायाक्काच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. जणू तो ठेवायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं असावं.

"किती जनींना कडी दिलीस?" मायाक्कानं विचारलं.

"चाळीसेक."

"सगळी परत आन."

ऋतुजानं मग वेळ घालवला नाही. तिनं तिथंच फोन समोर धरला आणि बोलली. सजवून काही बोलली नाही. 'माझी चूक झाली. मला सांगितलेलं असूनही मी ऐकलं नाही. गुंजेचं कडं आत्ताच्या आत्ता काढा, कागदात गुंडाळा, मुलांपासून लांब ठेवा, मी येऊन घेऊन जाईन.' ते तिनं पेजवर टाकलं आणि मग एकेकीला फोन लावायला बसली. मायाक्का तिच्या शेजारी बसून प्रत्येक नाव ऐकत होती. कुणी हसलं, कुणी चिडलं, दोघी रडल्या. दिवेलागणीपर्यंत एक सोडून सगळ्यांशी बोलणं झालं. राहिली ती मोहोळची प्रियंका. तिनं दोन कडी मागवली होती, एक स्वतःसाठी आणि एक 'बाळासाठी, छोट्या मापाचं'. तिचा फोन नुसता वाजत होता.

सकाळच्या पहिल्या एसटीनं दोघी मोहोळला गेल्या. पत्ता विचारत विचारत मार्केट यार्डामागच्या एका घरापाशी पोचल्या. दार उघडलं ते प्रियंकानंच. केस विस्कटलेले, डोळे लाल. समोर मायाक्काला बघून तिनं तोंडावर हात ठेवला.

"आक्का! तुम्ही? देवानंच धाडलं तुम्हाला. आत या, आत या. ओवी काल रात्रीपासून उलट्या करतेय. सासूबाईंनी दोनदा दृष्ट काढली. तुम्हीच आता काहीतरी द्या."

आत पाळण्याशेजारी म्हातारी सासू मीठ-मोहऱ्या हातात घेऊन बसली होती. दीड वर्षाची ओवी तिच्या मांडीवर मान टाकून पडली होती. मायाक्का पोरीकडं गेली नाही. ती आधी पाळण्याकडं गेली.

"कडं कुटं हाय?"

"तुटलं ना काल दुपारी. मणी सगळीकडं पसरले. मी गोळा करून वाटीत ठेवलेत." प्रियंकानं वाटी आणली. ऋतुजानं मणी मोजले. तेरा. छोट्या मापात ती पंधरा ओवायची. मायाक्का गुडघ्यांवर बसली, तिनं गोधडी झटकली, पाळण्याखाली हात फिरवला. एक अख्खा मणी सापडला. आणि मग भिंतीच्या कडेला अर्धा. कडेवर दातांच्या खुणा होत्या, आतला पिवळसर गर दिसत होता.

मायाक्कानं तो पदराच्या टोकात उचलला.

"दवाखाना कुटं हाय?"

"आक्का, तुमच्याकडं मुळी असेल की," सासू म्हणाली. "आमी व्हिडिओ बघितलाय तुमचा. दवाखान्यात काय करणार? सलाईन लावणार, दुसरं काय."

"तेच लावाया पायजे. माज्याकडं ह्येला उतारा न्हाय, काकी. कुनाकडंच न्हाय. उठा."

"मग तुमचं एवढं नाव कशाचं?" म्हातारीनं पोरीला छातीशी घट्ट धरलं.

 मायाक्कानं फक्त हात पुढं केले आणि तशीच उभी राहिली. शेवटी प्रियंकानंच सासूच्या मांडीवरून मुलीला उचललं आणि ती अनवाणीच बाहेर पडली.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मायाक्कानं पदराची गाठ सोडून अर्धा मणी त्यांच्यासमोर ठेवला.

"गुंज हाय, बाई. भोक पाडल्याली. काल दुपारच्याला खाल्ली आसंल. अर्दी हितं हाय, अर्दी पोटात."

डॉक्टरीणबाईंनी एकदा मण्याकडं आणि एकदा मायाक्काकडं बघितलं. "नक्की गुंजच?"

"नक्की. दुसरं कायबी न्हाय."

त्यांनी लगेच फोन उचलला. कुणाशी तरी इंग्रजीत बोलल्या, मणी पिशवीत बंद केला, ओवीच्या हाताला सुई लावली. नेमकं काय पोटात गेलंय हे कळलं, त्यामुळं पुढचं सोपं जाईल, असं त्या प्रियंकाला म्हणाल्या. उतारा नाही, पण शरीरातलं पाणी राखायचं, रक्त तपासत राहायचं, चार-पाच दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचं. तासाभरात ॲम्ब्युलन्सनं सगळे सोलापूरच्या मोठ्या इस्पितळात आले.

प्रियंकाचा नवरा शिवानंद कामावरून थेट तिथं आला. त्यानं ऋतुजाला वऱ्हांड्यातच गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलला. ऋतुजा भिंतीला टेकून सगळं ऐकत राहिली. तो थांबला तेव्हा ती म्हणाली, "आक्कांनी मला सांगितलं होतं, भोक पाडू नको म्हणून. मीच पाडून घेतलं. तुम्ही जे कराल ते मला मान्य आहे."

"मी अर्दंच सांगितलं हुतं," मायाक्का बाकावरून म्हणाली. शिवानंदनं तिच्याकडं वळून बघितलं. "इखारी हाय म्हणलं. नुसतं इखारी म्हणल्यानं कोन ऐकतं? का ते मी सांगितलं न्हाय. वीस वर्सं कुनालाच सांगितलं न्हाय."

शिवानंदला त्याचा अर्थ कळला नसावा. तो आत निघून गेला.

ते पाच दिवस मायाक्का बाजारात गेली नाही. सकाळी इस्पितळात यायची, संध्याकाळी परतायची. दुसऱ्या दिवशी ओवीच्या शीमध्ये रक्त दिसलं. प्रियंका वऱ्हांड्यात येऊन मायाक्काच्या शेजारी बसली. तिचे दोन्ही हात एकमेकांत गच्च अडकलेले होते आणि ते सुटत नव्हते.

"आक्का, तिला नका देऊ काही. मला कळतंय. पण मला तरी द्या. हातात धरायला काहीतरी."

मायाक्कानं कमरेची पिशवी चाचपली. त्यात वेखंडाचं एक कांडं होतं, बोटाएवढं. तिनं ते प्रियंकाच्या मुठीत ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

"हे तुज्यासाटी. पोरीला न्हाय. ह्येनं तिचं काय व्हनार न्हाय, आन तुलाबी ते ठावं हाय. नुसतं धरून बस."

प्रियंका ते धरून बसली. मायाक्का तिच्या शेजारी बसली. बिरदेवच्या वेळी आपल्या हातात देवरुश्यानं अंगारा दिला होता आणि आपण तो पोराच्या जिभेला लावत राहिलो होतो, हे तिला आठवलं. ते दोन दिवस आपल्या हातांना दुसरं काही धरायला मिळालं असतं, आणि पोराला दवाखाना मिळाला असता, तर. त्या 'तर'च्या पुढं ती इतक्या वर्षांत कधी गेली नव्हती. आजही गेली नाही. पण आज निदान पोर आत होतं आणि त्याच्या उशाशी डॉक्टर होते.

चौथ्या दिवशी ओवीनं भाताची पेज मागितली. सहाव्या दिवशी तिला घरी सोडलं. जाताना सासू मायाक्कासमोर थांबली, काहीतरी म्हणायचं म्हणून ओठ हलवले, मग नुसता तिच्या खांद्याला हात लावून पुढं गेली. शिवानंदनं ऋतुजावर तक्रार केली नाही. प्रियंकानं त्याला काय सांगितलं असेल ते तिलाच ठाऊक. पण त्यानं ऋतुजाकडं एक गोष्ट मागितली: पेजवरचा तो माफीचा व्हिडिओ तिनं कधी काढून टाकायचा नाही. तो अजून तिथंच आहे, सगळ्यांत वर.

परत आलेली कडी ऋतुजानं एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना नेऊन दिली. त्यांनी ती काचेच्या बरणीत घालून वर्गात ठेवली, बरणीवर नाव आणि कवटीचं चित्र चिकटवलं. मायाक्कानं गुंज आणणं बंद केलं. रानात ती वेल दिसते, शेंगा तडकून आतल्या बिया लाल चमकत असतात; ती थोडा वेळ उभी राहते आणि पुढं जाते.

"आक्का," पीरसाब एकदा म्हणाले, "वीस वर्षं मी शेजारी बसलो. एकदा तरी सांगायचं होतंत."

"तुमी इचारलंच न्हाय की."

"आम्ही खडेवाले." त्यांनी काचेवरची धूळ फुंकली. "खड्याला कोण विचारतं, तू कुठल्या खाणीतून आलास? चुकलंच माझं."

ऋतुजाचं ते झाडांचं, दगडांचं वेड सुटलं नाही, आणि मायाक्कानंही तिला ते सोडायला सांगितलं नाही. पाटावरच्या वाटीतलं पाणी रोज बदललं जातं. बदल एवढाच झाला की आता ती वाचलेलं प्रत्येक झाड आधी मायाक्काला विचारते, आणि मायाक्काला जे ठाऊक नाही ते दोघी मिळून कॉलेजच्या मॅडमना विचारतात.

उन्हाळा तापायच्या आत एका रविवारी सकाळी सोलापुरातल्या अकरा बायका हिप्परग्याच्या तलावावर जमल्या. ऋतुजाच्या पेजवरच्याच. कुणी शिक्षिका, कुणी बँकेतल्या, एक नर्स. त्यांना झाडांचे गुण शिकायचे होते: कुठलं रक्षण करतं, कुठलं मन शांत करतं. मायाक्का एका बाभळीखाली बसली. समोर तिनं फडक्यावर धोतऱ्याचं बोंड, कण्हेरीची डहाळी आणि रुईचं पान मांडलं होतं.

"आक्का, ही तर सगळी विषारी ना?" नर्सबाईंनी विचारलं.

"व्हय. आज हीच." मायाक्कानं पदर सारखा केला. "राखनारी झाडं म्होरच्या येळी. कुटल्या झाडापसनं आपल्याला राखायचं, ते आदी."

ऋतुजानं सवयीनं फोन उचलून तिच्याकडं धरला होता. मायाक्कानं एकवार सगळ्यांकडं बघितलं, नेहमीसारखं फडक्याकडं नाही, सगळ्यांच्या तोंडाकडं.

"माजा एक ल्योक हुता," तिनं सुरुवात केली. "बिरदेव."

ऋतुजानं फोन बंद केला, मांडीवर पालथा ठेवला आणि ऐकायला लागली.